बाळंतिणीच्या खोलीतली घंटी

धूर झाला की बोंबलणारी ती पांढरी डबी मी स्वतःच्या हातानं छताला बसवली. इलेक्ट्रिशियन बोलावला नाही. कामावरच्या मेंटेनन्सवाल्यांकडून ड्रिल मशीन मागून आणलं, स्टुलावर चढले आणि स्लॅबला भोक पाडायला लागले. सिमेंटची पूड केसांत, डोळ्यांत. खाली स्टूल धरून आई उभी होती.

"हे घर तुझ्या बानं गुळाचं रवं उचलून उचलून बांधलंय," ती म्हणाली. "भोकं पाडायला न्हवं."

"दोन स्क्रूची भोकं हाईत, आई."

"दोन काय आन् धा काय. भोक ते भोकच की."

वडील मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, वाहणारे हमाल होते. ते गेल्यापासून या घरात आई आणि मी दोघीच. धाकटी बहीण लग्न होऊन हातकणंगल्याला गेली. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, बी.एस्सी., रसायनशास्त्र. हे मी कुणी न विचारताही सांगते, त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही. शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या लॅबमध्ये मी लोखंडाचे नमुने तपासते. तिथंच आम्हाला आगीचं ट्रेनिंग दिलं. शिकवायला आलेल्या माणसानं बरंच काही सांगितलं, पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासानं जाग येत नाही. आवाजानं येते. मला वाटायचं, जळका वास नाकात शिरला की माणूस उठतोच. नाही उठत. उलट जास्तच गुंगतो.

म्हणून तीन डब्या मागवल्या. सोबतचा इंग्रजी कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचला. छताच्या मधोमध लावा, कोपऱ्यात नको, पंख्याजवळ नको. महिन्यातून एकदा बटण दाबून बघा. मऊ ब्रशनं धूळ काढा. वर्षाला सेल बदला. एवढं वाचूनही पहिली डबी मी स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच लावली, आणि दुसऱ्या दिवशी आईनं लसूण-मिरचीची फोडणी टाकल्याबरोबर ती कोकलायला लागली. आई उलथनं हातात घेऊन बाहेर आली.

"आता कालवण करायचं म्हंजे वरनं परवानगी काढायची व्हय?"

ती डबी काढून मधल्या खोलीत लावली. एक आईच्या खोलीत, एक माझ्या. पुढं एकदा मी दोन दिवस पुण्याला गेले होते, तेवढ्यात मधल्या डबीचा सेल उतरला. सेल उतरत आला की ती थोड्या थोड्या वेळानं 'चिक' करते. मी आले तर आई वैतागून बसलेली. घरात पाल चुकचुकते असं तिला वाटलं होतं, आणि ऐकू येईल तेव्हा ती जमिनीला बोट टेकवून 'कृष्ण कृष्ण' म्हणत होती, दोन दिवस. मी सेल बदलला. पाल गप्प झाली. "मग आदी सांगायचंस की," आई एवढंच बोलली. हे मी कामावर सगळ्यांना हसत हसत सांगितलं. तोवर ही डबी म्हणजे आमच्या घरात थट्टेचा विषय होता.

नंतर बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप घरी आल्या. मी माझी खोली त्यांना दिली. आईनं शेजारच्या गल्लीतून सुंभाची बाज मागून आणली, कारण बाजेखाली शेगडी ठेवता येते, पलंगाखाली नाही. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला एक मावशी ठरवली. आमच्या भागातली निम्मी पोरं तिच्या हातांवर न्हालेली. हात असे, की बहीण मालीश झाल्यावर बसल्या जागी डुलायची.

मावशीनं पहिल्या दिवशी अंघोळ घातली, शेगडीतल्या इंगळावर ओवा, बाळंतशेपा आणि वेखंडाची पूड टाकली, बाळाला दोन्ही हातांवर घेऊन धुरावरनं फिरवायला लागली आणि वर डबी बोंबलली. बाळाचे हातपाय ताडकन फाकले. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना, लाल होऊन गेलं, आणि मग जे रडलं ते अर्धा तास.

"वैनी," मावशी आईला म्हणाली, "चाळीस वर्सं बाळंतिणी न्हाऊ घालायलीया. धुरीला शिव्या देणारं घर आजपातूर बगितलं न्हाय."

"ही आमची शिकल्याली," आईनं माझ्याकडे हात केला.

"मग शिकल्यालीनंच न्हाऊ घालावं की. मी कशाला?"

मी सांगायचा प्रयत्न केला. बंद खोलीत इंगळ ठेवू नये. कोळशातून एक वायू निघतो, त्याला ना वास, ना रंग. ही डबीसुद्धा तो ओळखत नाही, ती फक्त धूर ओळखते. म्हणून शेगडी नकोच, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकू.

"तुमी दोघी ह्याच शेगडीवर मोठ्या झालासा," आई म्हणाली. "मेलासा काय?"

"तवा घर कौलाचं हुतं, आई. सगळा धूर कौलातनं जायचा. हितं स्लॅब हाय, काचंच्या खिडक्या हाईत."

"कौल आसू दे न्हाय तर स्लॅब," मावशी मध्येच बोलली. "बाळंतिणीची कंबर तीच की."

बहीण बाजेवर बसून हे ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "अक्का, काढ की ती डबी. पोर किती दचकलं बघ. आन् शेक मला बरा वाटतोय गं."

आता इथं मी अडून बसायला हवं होतं. मला खरं काय ते माहीत होतं. आणि त्या खोलीत ते माहीत असलेली मी एकटीच होते. पण मावशी पदर खोचून उठायच्या बेतात होती, आई माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटलं, मधला मार्ग काढण्यातच हुशारी आहे. मी म्हटलं, "काढणार न्हाय. झाकीन."

घरात टोपडी चिक्कार झाली होती. जो येईल तो टोपडं आणायचा. त्यातलं फ्लॅनेलचं दुपदरी एक मी घेतलं, कडेला इलॅस्टिक असलेलं. डबीला ते असं बसलं, जणू मापानंच शिवलं असावं. मावशीसुद्धा हसली.

"हां. आता झालं की ते बी बाळ."

मी घरात नियम लावून दिला. मावशी सातला येणार, टोपडं चढवायचं. शेक झाला की इंगळ परसात न्यायचे, खिडकी उघडायची, मी टोपडं काढायचं, डबीवरचा लाल दिवा लुकलुकतोय बघायचं आणि मग कामावर जायचं. दहा-बारा दिवस हे घड्याळासारखं चाललं. मला माझं कौतुक वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

त्या दिवशी मावशीला यायला उशीर झाला. ती आली तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. मला साडेनऊच्या आत पंच करायचं होतं. मी टोपडं चढवलं, डबा पिशवीत टाकला आणि आईला म्हटलं, "शेक झाला की शेगडी लगेच भायेर काढ. खिडकी उघड."

"व्हय गं, जा. हे काय आजच करायलोय व्हय आमी?"

टोपड्याचं तिला बोलले नाही. तिचे गुडघे दुखतात, स्टुलावर चढली आणि पडली तर आणखी एक दुखणं. बहिणीला तर चढायला सांगायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी आल्यावर काढू, असं मी मनात म्हटलं. एका दिवसानं काय होतंय. म्हणजे मी विसरले नव्हते. लोकांना नंतर वाटलं, घाईत विसरली असेल. नाही. समजून-उमजून ठेवलं होतं.

लॅबमध्ये साडेदहाच्या सुमाराला मी वजनकाट्यावरचं धुळीचं झाकण उचललं आणि हात तसाच राहिला. थंडीचे दिवस होते. थंडीत आई शेगडी लगेच बाहेर काढेल का? खोलीच्या दाराखाली ती जुनी लुगडी कोंबते, बाळाला वारं लागू नये म्हणून. म्हणजे त्या खोलीतला धूर मधल्या खोलीपर्यंत यायचा नाही. मधली डबी वाजायची नाही. आणि आतली मी टोपड्यानं झाकून ठेवली आहे.

बहिणीला फोन लावला. बाळ झोपलं की ती फोन मुका करून ठेवते. आईला लावला. वाजून वाजून बंद. तो नेहमीच तसा वाजतो, कारण फोन फ्रिजवर आणि आई दुसरीकडे. पुन्हा लावला. शेजारचे नवरा-बायको दोघंही शिक्षक, शाळेत गेलेले. तिसऱ्यांदा आईला लावला आणि तो वाजत असतानाच पर्स उचलली. साहेबांना म्हटलं, घरी जाऊन येते. ते म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, बहुतेक काहीच नाही.

पुलाच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती, प्रत्येकामागं दोन-दोन ट्रॉल्या. एक ट्रॉली कलंडून अर्धा रस्ता अडला होता. मी स्कूटर कडेच्या मातीतून काढली. एक ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ ताई, मरायची घाई हाय काय?" मला त्याचा राग आला नाही. मी नुसती हिशेब करत होते. मावशी साडेआठला आली. अंघोळ, मालीश, साडेनऊ. शेक, दहा. आता अकराला दहा कमी. आई नेहमीसारखी वागली असेल तर खिडकी उघडी असेल. खिडकी उघडी असेल. हे मी गल्लीच्या तोंडापर्यंत म्हणत आले.

खिडकी बंद होती.

माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. घर शांत. मधल्या खोलीत वास आला, अगदी थोडा, कापूस जळल्याचा. खोलीचं दार ढकललं तर लुगड्यानं अडलं. खांदा लावून ढकललं. आत छतापासून निम्म्यापर्यंत धूर, करडा, जाड. बाजेवर बहीण उताणी, कुशीत बाळ. बाजेवरून खाली लोंबलेली वाकळ शेगडीत टेकली होती आणि कडेनं धुमसत होती. जाळ नव्हता. नुसती लाल रेघ सरकत वर चाललेली.

मी बाळाला उचललं. ते मला जड आणि ढिलं लागलं. बहिणीला दंडाला धरून ओढलं, तिचं नाव घेऊन हाका मारल्या, तिनं डोळे अर्धवट उघडले आणि पुन्हा मिटले. आमच्या मागून धूर मधल्या खोलीत आला आणि तिथली डबी वाजायला लागली. त्या आवाजानं बाळ दचकलं. हातपाय फाकले आणि रडलं. आयुष्यात कुणाच्या रडण्यानं मला एवढा धीर आला नव्हता.

आई गच्चीवर दुपटी वाळत घालत होती. घंटी ऐकून ती जिन्यावरून उतरली ती गुडघे विसरूनच. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खोलीत, आणि पाण्याची बादली घेऊन आत गेली. मी बहिणीला बगलेत धरून अंगणापर्यंत ओढत नेलं. तिथं तिला उलटी झाली.

रिक्षातून दवाखान्यात नेलं. दोघींना ऑक्सिजन लावला. बाळाच्या तोंडावर तो एवढासा मास्क, आणि नर्स हातानं धरून उभी. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान होत्या. शेगडी म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, त्यांना नवीन नव्हतं. "अजून पाव तास गेला असता तर मी काही सांगू शकले नसते," म्हणाल्या. "आता रात्रभर बघू."

आई बाकड्यावर बसून तेच तेच सांगत होती, जो विचारेल त्याला, न विचारेल त्याला. "माझीच चूक. मावशी गेली, पोर गारठलीया म्हणून मीच चार इंगळ वाढवलं. म्हटलं दुपटी टाकून येतो आन् शेगडी काढतो. मीच मारली आसती माझ्या लेकीला." तिच्या हाताला वाकळ विझवताना चटका बसला होता आणि ती तो पदराखाली लपवत होती. मी शेजारी बसले होते. तिच्या पाठीवर हात ठेवला. बोलले मात्र काही नाही. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत मी तिला एकटीला ते ओझं वाहू दिलं.

हातकणंगल्याहून बहिणीची सासू आणि नवरा आले. तो थेट आत गेला. सासू आईसमोर उभी राहिली. त्या बाई फटकळ आहेत, पण वाईट नाहीत.

"काय ओ विहीणबाई. आमची सून तुमच्या जिवावर सोडली की आमी. तुमचं ठीक हाय, तुमी आडाणी. पण घरात एवढी शिकल्याली लेक आसून आसं कसं केलासा?"

आई खाली मान घालून म्हणाली, "तिचं काय न्हाय त्यात. ती कामावर गेलती. ती पैल्यापासनं नकोच म्हणत हुती."

हे खरं होतं, आणि मी गप्प बसले असते तर तेवढंच खरं राहिलं असतं. मी उठले.

"काकू, माझं हाय त्यात," मी सासूंना म्हटलं. "त्या खोलीत धुराची घंटी हाय. धूर झाला की वाजती. वाकळ धुमसायला लागल्याबरोबर वाजली आसती, आईला गच्चीवर ऐकू गेली आसती. मी ती टोपडं घालून झाकली हुती. सकाळी काढायला पायजे हुतं, काढलं न्हाय."

"इसरलीस?"

"न्हाय. वेळ न्हवता म्हणून ठेवलं. संध्याकाळी काढू म्हटलं."

त्यांना पटकन कळलं नाही. आईला कळलं. ती म्हणाली, "दुपारधरनं मला बोलू दिलंस व्हय गं."

डिग्री असलेल्या माणसाला अशा वेळी बोलायला काही वेगळे शब्द मिळतात असं नाही. मी तिच्या पायाशी जमिनीवरच बसले. तिनं माझ्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. चटक्याचा हात पदराखालून काढून माझ्यापुढं केला आणि म्हणाली, "ह्याला कायतरी लाव. आगआग व्हायलीया." मी नर्सकडून मलम आणलं.

दुसऱ्या दिवशी दोघी सुखरूप असल्याचं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सासू म्हणाल्या, बाळ-बाळंतीण आम्ही घेऊन जाणार. सव्वा महिना माहेरी राहायचं ठरलेलं, तो निम्म्यावर मोडला. कुणी वाद घातला नाही. आईनं डिंकाचे लाडू, दुपटी, काजळाची डबी सगळं बांधून दिलं. बहीण माझ्याशी बोलली, पण लोक पाहुण्यांशी बोलतात तसं. गाडी गेल्यावर आई आत येऊन बाज धुवायला लागली.

पुढच्या रविवारी मी माझ्या खोलीतली डबी उतरवली. आतून धूळ झाडली, सेल नवा घातला, ड्रिल मशीन पुन्हा मागून घेतलं आणि हातकणंगल्याला गेले. जायच्या आधी फोन केला नाही. नको म्हणाले असते तर माझी हिंमत झाली नसती.

सासू दारातच होत्या. माझ्या हातातली पिशवी बघून म्हणाल्या, "काय आणलंस?"

"घंटी. तुमची परवानगी आसंल तर लावतो."

"आमी शेगडी बंद केलीया. डॉक्टरनं सांगितलंय."

"देवघरात समई आसती. डासांची कॉइल आसती. हिवाळा हाय, कोण शेकोटी आत आणंल."

त्या बाजूला झाल्या. "लाव. पण ह्या घरात झाकायचं-उघडायचं मी बघणार. तू न्हाय."

"व्हय," मी म्हटलं.

बहीण खोलीत बाळाला पाजत होती. मी स्टुलावर चढून छताला भोक पाडलं, स्क्रू आवळले, डबी फिरवून बसवली. बटण दाबायच्या आधी मी म्हटलं, "बाळाला घेऊन अंगणात जा. वाजणार हाय." ती गेली. मी बटण दाबलं. सासूंनी कानांत बोटं घातली आणि बोटं तशीच ठेवून मान हलवली, म्हणजे चालेल.

बहीण परत आली. दारात उभं राहून वर बघितलं. "मी झोपल्यावर पण एवढीच वाजंल न्हवं, अक्का?"

"एवढीच वाजंल."

तिनं बाळ सासूंकडे दिलं. "आत्ती, ही कॉट भिंतीकडनं काढून हितं मधी, घंटीखाली घेऊया," ती म्हणाली आणि कॉटच्या एका टोकाला वाकायला लागली. "तू वाकू नगंस, वली बाळंतीण," मी म्हटलं. ती सरकली. मी आणि सासूंनी कॉट दोन्ही टोकांना धरून ओढली.